लॅपटॉप, डॉक आणि दोन मॉनिटर: खरेदीपासून जोडणीपर्यंत

लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर अर्ध्या भागात एक्सेल आणि अर्ध्या भागात ईमेल उघडून दिवस काढणाऱ्या माणसाला दोन मोठे मॉनिटर मिळाले की कामाचा ताण निम्मा होतो. डावीकडे संदर्भाची कागदपत्रं, उजवीकडे लिहायची फाइल आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मीटिंग. हे सगळं एकाच केबलवर चालतं. संध्याकाळी ती केबल काढली की लॅपटॉप बॅगेत, सकाळी लावली की मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, इंटरनेट आणि चार्जिंग पुन्हा जागच्या जागी. डॉकिंग स्टेशन, थोडक्यात डॉक, म्हणजे ही सगळी साधनं एका केबलवर लॅपटॉपला जोडून देणारा डबा. तो घ्यायचा ते यासाठी.

नवख्यांच्या बाबतीत मात्र हमखास घडतं ते असं: डॉक घरी येतो, केबल लागतात, पहिला मॉनिटर लगेच उजळतो आणि दुसऱ्यावर 'नो सिग्नल' झळकत राहतं. किंवा दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. डॉक खराब निघाला असं समजून तो परत जातो, त्याहून महागडा येतो आणि पुन्हा तेच होतं. याचं कारण साधं आहे. डॉक स्वतः चित्र तयार करत नाही. चित्र लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये तयार होतं, लॅपटॉपच्या पोर्टमधून बाहेर पडतं आणि डॉक ते वाटून देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डिस्प्लेलिंक नावाची एक पळवाट आहे, तिच्याकडे पुढे येऊ. पण कुठलाही डॉक कार्टमध्ये टाकण्याआधी अर्धा तास आपल्या लॅपटॉपसाठी काढा.

पहिली पायरी: लॅपटॉपचं पोर्ट ओळखा

यूएसबी-सी हे खाचेच्या आकाराचं नाव आहे. त्या लंबगोल खाचेतून नक्की काय काय वाहतं हे आकारावरून कळत नाही. काही लॅपटॉपवर तिच्यातून फक्त डेटा जातो. काहींवर डेटा आणि चार्जिंग. काहींवर डेटा, चार्जिंग आणि चित्र. आणि काहींवर थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४, म्हणजे हे सगळं जास्त वेगाने.

खाचेशेजारी छापलेल्या बारीक खुणा पाहा. विजेच्या बाणाची खूण असेल तर थंडरबोल्ट. डी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसली तर डिस्प्लेपोर्ट (थोडक्यात डीपी) या मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या पद्धतीने त्यातून चित्र निघतं. बॅटरीची किंवा प्लगची खूण चार्जिंगची. नुसतं एसएस आणि ५ किंवा १० असा आकडा असेल तर तो डेटाच्या वेगाचा आहे, चित्राचा त्यात उल्लेख नाही. बऱ्याच कंपन्या खुणाच छापत नाहीत, म्हणून खुणांवर थांबू नका. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचं तपशीलपत्रक उघडा. पूर्ण नंबर म्हणतो आहे, कारण एकाच नावाच्या मालिकेत स्वस्त आणि महाग प्रकारांची पोर्टं वेगळी असतात. तिथे 'डिस्प्लेपोर्ट आल्टर्नेट मोड', 'डीपी १.२' किंवा 'डीपी १.४', 'पॉवर डिलिव्हरी', 'थंडरबोल्ट ४', 'यूएसबी ४' यांपैकी काय लिहिलंय ते वहीत उतरवून ठेवा. 'यूएसबी ३.२ जेन १' एवढंच लिहिलं असेल आणि डिस्प्लेचा शब्दच नसेल, तर त्या पोर्टमधून चित्र निघत नाही असं धरून चाला.

दुसरी मर्यादा ग्राफिक्सची. ग्राफिक्स एकावेळी किती पडदे चालवू शकतं याला ठरलेला आकडा असतो आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही त्यात मोजला जातो. इंटेलच्या आठव्या ते दहाव्या पिढीच्या नेहमीच्या लॅपटॉप प्रोसेसरांत तो तीन आहे, अकराव्या पिढीपासून आयरिस एक्सई ग्राफिक्समध्ये चार. म्हणजे जुन्या लॅपटॉपवर तीन बाहेरचे मॉनिटर हवे असतील तर लॅपटॉपचं झाकण मिटवावं लागेल. दोनच लावायचे असतील तर ही अडचण सहसा येत नाही.

मॅकवाल्यांनी इथे जास्त थांबावं. एम१ आणि एम२ या साध्या चिपच्या मॅकबुक एअरवर बाहेरचा एकच मॉनिटर अधिकृतपणे चालतो. एम३च्या एअरवर दोन चालतात, पण झाकण मिटलेलं असेल तरच. एम४पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. प्रो आणि मॅक्स चिपना हा प्रश्न पहिल्यापासून नाही. एम१ एअरच्या पोर्टला अ‍ॅपल 'थंडरबोल्ट ४' म्हणत नाही, 'थंडरबोल्ट / यूएसबी ४' म्हणतं. थंडरबोल्ट ४ हे नाव लावायचं तर दोन ४के पडदे किंवा एक ८के पडदा चालवण्याची किमान अट पाळावी लागते आणि एम१ ती पाळत नाही. तपशीलपत्रकातल्या एका शब्दावर किती अवलंबून असतं ते यावरून दिसेल.

दुसरी पायरी: हिशेब करा

हा भाग बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. गणित अवघड नाही, शाळेतल्या बेरजेइतकं आहे.

प्रत्येक मॉनिटरला सेकंदाला ठरावीक माहिती लागते. ६० हर्ट्झवर, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजं होत असताना, फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० मॉनिटरला साधारण ३.२ गिगाबिट. क्यूएचडी, म्हणजे २५६० × १४४० ला साधारण ५.६. ४के, म्हणजे ३८४० × २१६० ला साधारण १२.५. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि तुम्हाला तो तसाच चालवायचा असेल तर आकडा दुपटीहून वर जातो.

आता पोर्ट किती देतं? डिस्प्लेपोर्टमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या चार मार्गिका असतात. यूएसबी-सीच्या साध्या डॉकमध्ये त्यातल्या दोन चित्रासाठी आणि दोन वेगवान यूएसबी डेटासाठी वापरल्या जातात. डीपी १.२ असेल तर दोन मार्गिकांतून चित्रासाठी ८.६४ गिगाबिट मिळतात, डीपी १.४ असेल तर १२.९६.

बेरीज करून पाहा. दोन फुल एचडी मॉनिटर म्हणजे ६.४. जुन्या डीपी १.२ वरही आरामात चालतील. दोन क्यूएचडी म्हणजे ११.२. डीपी १.२ वर बसणार नाहीत, डीपी १.४ वर बसतील. एक क्यूएचडी आणि एक फुल एचडी म्हणजे ८.८, डीपी १.२ वर थोडक्यात हुकलं. अशा वेळी लॅपटॉप एका मॉनिटरचं रिझोल्यूशन गुपचूप खाली आणतो किंवा त्याला जागच करत नाही, आणि वापरणारा केबल बदलत बसतो. एकच ४के मॉनिटर डीपी १.२ च्या दोन मार्गिकांवर ६० हर्ट्झला चालत नाही, ३० हर्ट्झला चालतो. ३० हर्ट्झवर माऊसचा बाण पडद्यावर अडखळत चालल्यासारखा दिसतो. रोज आठ तास त्याच्याकडे बघायचं असेल तर कृपया हा पर्याय स्वीकारू नका. त्याऐवजी फुल एचडी किंवा क्यूएचडी मॉनिटर ६० हर्ट्झवर लावा, डोळे दुवा देतील.

डीपी १.४ मध्ये डीएससी नावाची दाबून पाठवण्याची सोय आहे. तिच्यामुळे त्याच मार्गिकांतून दोन ४केसुद्धा जाऊ शकतात. पण ती लॅपटॉपच्या ग्राफिक्सला आणि डॉकला, दोघांनाही समजली पाहिजे. दोन्हीकडच्या तपशिलात डीएससी लिहिलेलं नसेल तर ती गृहीत धरू नका. थंडरबोल्ट ३, थंडरबोल्ट ४ आणि ४० गिगाबिटचं यूएसबी ४ यांचा रस्ता मुळातच रुंद आहे, त्यामुळे दोन ४के ६० हर्ट्झ हवे असतील तर सरळ तिकडे वळा. नवं थंडरबोल्ट ५ तर ८० गिगाबिटचं आहे, पण ऑफिसच्या कामासाठी आज त्याची गरज नाही.

माझा सल्ला विचाराल तर हिशेबात पाव भाग रिकामा राहील असं बघा. काठावर बसवलेली जोडणी पहिल्या दिवशी चालते आणि नंतर केबल थोडी सैल झाली की लुकलुकायला लागते.

तिसरी पायरी: डॉकचा प्रकार ठरवा

बाजारात डॉक शेकडो आहेत, प्रकार तीनच.

पहिला, साधा यूएसबी-सी डॉक. हा लॅपटॉपमधून आलेलं डिस्प्लेपोर्टचं चित्र घेऊन दोन-तीन मॉनिटरमध्ये वाटतो. या वाटपाच्या पद्धतीला एमएसटी म्हणतात आणि ती डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आली. विंडोजवर आणि लिनक्सवर उत्तम चालते. मॅकओएस मात्र एमएसटीने वेगवेगळी चित्रं पाठवत नाही. एमएसटीच्या डॉकला मॅक लावला की दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं, आणि कुठलंही सेटिंग बदलून ते सुटत नाही. दोन फुल एचडी मॉनिटरवाल्या विंडोज वापरकर्त्याला हा प्रकार पुरेसा आहे आणि खिशालाही परवडतो.

दुसरा, थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ डॉक. महाग, पण दोन ४के, वेगवान बाह्य डिस्क आणि इंटरनेट एकत्र चालवायचं असेल तर याच्याइतकं निर्धास्त काही नाही. प्रो चिपच्या मॅकसाठीही हाच. लॅपटॉपला थंडरबोल्ट नसेल तर मात्र यातले बरेच जुने डॉक अजिबात चालत नाहीत. नवे थंडरबोल्ट ४ डॉक साध्या यूएसबी-सीवर चालतात, पण मग वेगही साध्याच यूएसबी-सीचा मिळतो आणि जास्तीचे पैसे फुकट जातात.

तिसरा, डिस्प्लेलिंक. ही ती पळवाट. यात लॅपटॉपवर एक ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, बसवावा लागतो. तो पडद्याचं चित्र दाबून साध्या यूएसबी डेटाच्या रूपात पाठवतो आणि डॉकमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. त्यामुळे ज्या पोर्टमधून चित्र निघतच नाही अशा पोर्टवर, अगदी जुन्या चौकोनी यूएसबी-ए पोर्टवरसुद्धा, दोन मॉनिटर चालतात. एम१ किंवा एम२ एअरवर दोन मॉनिटर हवेत? हाच रस्ता. खोक्यावर 'डिस्प्लेलिंक' हे नाव किंवा डीएल-६९५० सारखा चिपचा क्रमांक शोधा.

त्याची किंमतही समजून घ्या. चित्र दाबण्याचं काम प्रोसेसरवर पडतं, म्हणून लॅपटॉप थोडा जास्त तापतो, बॅटरी थोडी लवकर उतरते. एक्सेल, वर्ड, ईमेल, कोडिंग, ब्राउझर यांत काही जाणवत नाही. व्हिडिओ संपादन आणि गेम यांसाठी मात्र हा प्रकार नको. मॅकवर ड्रायव्हरला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, ती दिल्याशिवाय मॉनिटर काळेच राहतात. आणि ती दिली की नेटफ्लिक्ससारख्या सेवांचे संरक्षित व्हिडिओ मॅकवर काळे दिसू शकतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो, तेव्हा डॉक मागवण्याआधी आयटी विभागाला विचारा. लिनक्सवर ड्रायव्हर आहे, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की तो पुन्हा बसवावा लागू शकतो; नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

आणखी एक शक्यता लोकांच्या लक्षातच येत नाही. लॅपटॉपला स्वतःचं एचडीएमआय पोर्ट असेल, तर एक मॉनिटर थेट त्याला आणि दुसरा डॉकला लावता येतो. पोर्टवरचा भार निम्मा होतो. एकाऐवजी दोन केबल लावाव्या लागतात, पण काठावरचा हिशेब सुटतो आणि कधीकधी महागडा डॉकच टळतो. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आउट असेल तर लॅपटॉपपासून पहिल्या मॉनिटरला आणि पहिल्यापासून दुसऱ्याला अशी साखळीही करता येते. साखळीतल्या पहिल्या मॉनिटरच्या मेनूत एमएसटी चालू करायचं, शेवटच्याचं बंद ठेवायचं. मॅकवर ही साखळीही एमएसटीचीच असल्याने उपयोगाची नाही.

वॉट आणि केबल

डॉकने लॅपटॉप चार्ज व्हायला हवा असेल तर लॅपटॉपच्या मूळ चार्जरवरचा वॉटचा आकडा वाचा. ऑफिसच्या बहुतेक पातळ लॅपटॉपना ६५ वॉट पुरतात. डॉकच्या खोक्यावर '१०० वॉट' लिहिलं असलं तरी त्यातला काही भाग डॉक स्वतःसाठी ठेवतो, लॅपटॉपला किती मिळतात ते बारीक अक्षरांत असतं. ते वाचा. गेमिंग लॅपटॉप डॉकवर चार्ज करण्याच्या भानगडीत पडू नका, त्याचा स्वतःचा चार्जर लावून ठेवा. ज्या छोट्या हबला, म्हणजे लहानशा डॉकला, स्वतःचा वीजपुरवठा नाही, त्याला दोन मॉनिटर, बाह्य हार्ड डिस्क आणि कीबोर्ड एकत्र लावले की काहीतरी बंद पडणारच.

केबलच्या बाबतीत तीन गोष्टी. डॉकसोबत आलेली यूएसबी-सी केबलच वापरा. मोबाइलच्या चार्जरची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यातून बहुतेक वेळा चित्र जात नाही. साध्या यूएसबी-सी केबलची क्षमता ६० वॉटपर्यंत असते, त्यावर जायचं असेल तर ५ अँपिअरची, चिप असलेली केबल लागते. आणि तिसरी, जिने अनेकांना फसवलं आहे: एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल एकाच दिशेने चालते, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. डॉकला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट अशी स्थिती असेल तर ती चालणार नाही. त्यासाठी वेगळा, यूएसबीवर वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. मॉनिटरच्या मागची पोर्टं आधी बघा आणि शक्य असेल तर दोन्हीकडे एकसारखंच पोर्ट असलेला डॉक घ्या. एचडीएमआयवर ४के ६० हर्ट्झ हवं असेल तर डॉक, केबल आणि मॉनिटर तिन्ही एचडीएमआय २.० किंवा वरचे हवेत. १.४ असेल तर ३० वरच अडकाल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावातल्या संगणकाच्या दुकानात घ्यायला गेलात तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातल्या दोन मॉनिटरना लावून दाखवायला सांगा. दुकानदाराला 'दोन मॉनिटर चालतील का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी हो असतं. 'दोन्हीवर वेगवेगळं चित्र, दोन्ही ६० हर्ट्झवर' असं विचारा. ऑनलाइन घेणार असाल तर बदलून देण्याची मुदत आणि पक्कं बिल पाहूनच घ्या.

चौथी पायरी: जोडणी

क्रमाला महत्त्व आहे, कारण डॉक पहिल्यांदा सुरू होताना समोर कोण कोण आहे हे तपासून घेतो.

१. लॅपटॉपवर विंडोजचे आणि ग्राफिक्सचे अपडेट आधी करून घ्या. डिस्प्लेलिंक डॉक असेल तर त्याचा ड्रायव्हर आत्ताच बसवा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा.

२. डॉकचा अ‍ॅडॉप्टर तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. अर्थिंग नसेल तर धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

३. दोन्ही मॉनिटर डॉकला जोडा, सुरू करा आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत योग्य इनपुट निवडा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि मेनू एचडीएमआय १ वर, हे फार सर्रास घडतं.

४. कीबोर्ड, माऊस आणि इंटरनेटची केबल लावा.

५. सगळ्यात शेवटी डॉकची मुख्य केबल लॅपटॉपच्या त्याच पोर्टमध्ये लावा, जे तुम्ही पहिल्या पायरीत शोधून काढलं होतं. लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्टं असतील तर दोन्ही सारखी असतीलच असं नाही.

आता अर्धा-पाऊण मिनिट थांबा. पडदे एक-दोनदा काळे होतील, पुन्हा येतील. मध्येच केबल उपटू नका.

पाचवी पायरी: सेटिंग

विंडोजमध्ये विंडोज कळ आणि पी दाबा आणि 'एक्सटेंड' निवडा. 'डुप्लिकेट'वर राहिलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं आणि माणूस उगाच डॉकला दोष देतो. मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जा. 'आयडेंटिफाय' दाबलं की प्रत्येक पडद्यावर त्याचा क्रमांक येतो. टेबलावर मॉनिटर जसे ठेवले आहेत तसेच ते चौकोन माऊसने ओढून मांडा, वरच्या कडासुद्धा जुळवा, नाहीतर माऊसचा बाण मधल्या सीमेवर अडतो. ज्याच्याकडे तोंड करून बसता तो मुख्य मॉनिटर करा.

रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नका, त्याने अक्षरं धूसर होतात. 'स्केल' वाढवा. सत्तावीस इंची ४के मॉनिटरला १५० टक्के बरं दिसतं. नंतर 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडून प्रत्येक मॉनिटरचा रिफ्रेश रेट डोळ्यांनी तपासा. इथे ३० दिसलं तर दुसऱ्या पायरीचा हिशेब चुकला आहे किंवा केबल जुनी आहे.

झाकण मिटवून काम करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं ते विचारलेलं असतं. तिथे 'प्लग्ड इन' खाली 'डू नथिंग' निवडा. मात्र निघताना लॅपटॉप उघडून स्वतः स्लीपमध्ये टाका आणि मगच बॅगेत ठेवा. जागा राहिलेला लॅपटॉप बंद बॅगेत चांगलाच तापतो.

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये 'अरेंज' आहे, मांडणी तशीच. मिटलेल्या झाकणासाठी बाहेरचा कीबोर्ड-माऊस आणि चार्जिंग चालू हवं.

रोजच्या वापरासाठी एक कळ शिकून ठेवा: विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. उघडी खिडकी एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर उडी मारते.

वीज गेली तर

डॉक आणि मॉनिटर भिंतीच्या विजेवर चालतात. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर जातात, सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या पडद्यावर गोळा होतात, आणि इंटरनेटची केबल डॉकमधून येत असेल तर मीटिंगही तुटते. डॉकला लावलेली बाह्य हार्ड डिस्क मधेच तुटली तर त्यावरची फाइल खराब होण्याचा धोका खरा आहे. म्हणून राउटर आणि डॉक हे दोन तरी छोट्या यूपीएसवर ठेवा. चोवीस इंची मॉनिटर साधारण वीस-तीस वॉट घेतो, त्यामुळे घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर एखादा मॉनिटरही त्यावर काही मिनिटं तग धरतो. हातातलं काम जतन करायला तेवढा वेळ पुरतो.

तरीही दुसरा मॉनिटर उठत नसेल तर

डॉकची मुख्य केबल लॅपटॉपमधून काढा, डॉकचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा, मग आधी वीज आणि नंतर लॅपटॉप असं पुन्हा जोडा. स्लीपमधून उठल्यावर मॉनिटर हरवण्याची बहुतेक दुखणी एवढ्याने बरी होतात. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघड्या फाइली तशाच राहतात.

नाही झालं, तर अदलाबदल करून दोष शोधा. एकावेळी एकच गोष्ट बदला. दोन मॉनिटरच्या केबल आपसांत बदला. अडचण केबलबरोबर सरकली तर केबल खराब. मॉनिटरबरोबर राहिली तर मॉनिटर किंवा त्याचं इनपुट. डॉकच्या त्या एका पोर्टवरच राहिली तर डॉक. त्यानंतर दोन्ही मॉनिटर फुल एचडी ६० हर्ट्झवर आणून पाहा. असे चालले आणि वरच्या रिझोल्यूशनवर चालत नसतील, तर डॉक ठणठणीत आहे आणि मार्गिका अपुऱ्या पडताहेत. अशा वेळी लॅपटॉपच्या एचडीएमआयवर एक मॉनिटर हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

बिनतारी माऊस डॉकला लावल्यापासून अडखळतोय? यूएसबी ३ च्या पोर्टभोवती २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच तो मोजून दाखवला आहे, आणि असे माऊस बहुधा त्याच पट्ट्यात बोलतात. माऊसचा छोटा रिसीव्हर यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा किंवा हातभर एक्सटेन्शन केबलने डॉकपासून दूर आणा.

डॉकच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याचं फर्मवेअर, म्हणजे डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करण्याची सोय असेल तर तेही करून घ्या. ते चालू असताना केबलला हात लावू नका आणि शक्यतो वीज जाण्याची वेळ टाळा. एवढं करूनही डॉकचं तेच एक पोर्ट गप्प राहिलं तर अदलाबदलीच्या वेळी काय दिसलं त्याचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा आणि मुदत संपायच्या आत तो बिलासोबत दाखवून डॉक बदलून मागा.